पॅडच्या आत कापूस नसतो

दरवर्षी आठवीच्या वर्गात मी एक कोरा सॅनिटरी पॅड कात्रीने उभा कापते. नाशिकला सातपूरकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते मी. पहिली कितीतरी वर्षं प्रजननाचा धडा मीही ‘घरून वाचून या’ म्हणून पुढे ढकलला आहे, ते आधीच कबूल केलेलं बरं. आता मुलगे-मुली दोघांना समोर बसवून कापते. पहिली पाच मिनिटं माना खाली आणि खुसखुस. मग धीर करून कोणीतरी विचारतंच, “मॅडम, आत कापूस असतो ना?”

नसतो. बाजारातल्या बहुतेक पॅडमध्ये जो पांढरा मऊ थर दिसतो तो लाकडाचा लगदा असतो, कागदाचा चुलतभाऊ. लाकूड तिथे कसं पोहोचलं ते सांगते, पण त्याआधी कापडाचं सांगायला हवं, कारण आपल्या घरांत ते आधी घडलं.

आणि कापडाच्याही आधी हिशेब. एका पाळीत बाईच्या अंगावरून सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, तेही सगळे दिवस मिळून. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर डॉक्टर त्याला जास्त रक्तस्राव म्हणतात. मुलींचा यावर विश्वास बसत नाही. त्यांना वाटत असतं की पेलाभर तरी जात असेल. रक्ताबरोबर गर्भाशयाचं अस्तर आणि इतर स्रावही असतो, म्हणून एकूण ओल जास्त दिसते. पण अडचण मुळात प्रमाणाची नाहीच. ते कधी येईल, किती येईल हे आपल्या हातात नसतं, आणि बाई तर दिवसभर उठत-बसत, वाकत, चालत असते. म्हणून वापरायच्या वस्तूकडून तीन अपेक्षा: तिने शोषून घ्यावं, जागचं हलू नये, आणि कुणाला दिसू नये. पहिल्या दोन शरीराच्या गरजा. तिसरी लोकांनी लादलेली, आणि आजवर सगळ्यात जास्त डोकं या तिसरीवरच चाललं आहे, असं माझं मत.

माझी आजी पंचवटीतल्या एका वाड्यात राहायची. तिच्या पिढीत पाळी ‘यायची’ नाही. कावळा शिवायचा, बाहेर बसावं लागायचं, फार तर ‘अडचण’ असायची. मुलीला पहिलं न्हाण आलं की तिला मखरात बसवायचं, ओटी भरायची, गोडधोड करायचं. आणि पुढच्या महिन्यापासून तीच मुलगी कोपऱ्यात, तिचं ताट-तांब्या वेगळं. 

वापरायचं ते जुनं लुगडं. नऊवार सुती लुगडं धुऊन धुऊन मऊ झालं की त्याचा दुसरा जन्म सुरू व्हायचा. थोड्याची गोधडी, थोड्याची दुपटी, बाळाचे लंगोट, आणि उरेल त्याच्या घड्या. कमरेला नाडी बांधायची आणि घडीची दोन टोकं पुढून-मागून तिच्यात खोचायची. शोषण्याच्या बाबतीत हे कापड मुळीच वाईट नव्हतं. सुती धागा म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, वनस्पतींच्या पेशींची भिंत ज्याची बनते तो पदार्थ, आणि त्याला पाण्याची भारी ओढ. शिवाय धाग्यांमधल्या बारीक फटींतून ओल आपोआप पुढे सरकते, समईची वात तेल ओढते तशी.

मग खोट कुठे होती? वाळवण्यात. उन्हात टांगलं असतं तर ऊन-वाऱ्याने बहुतेक जंतूंचा निकाल लावला असता. पण टांगायचं कुठे? वाड्यात चार बिऱ्हाडं, चौक एक, दिवसभर पुरुषांची ये-जा. म्हणून न्हाणीघरातल्या अंधाऱ्या दोरीवर, वरून एखादी साडी टाकून. तिथे ते कधी पूर्ण वाळायचंच नाही, आणि वेळ आली की दमट असतानाच परत घ्यायला लागायचं. कापडामुळे खाज सुटली, पुरळ आलं असं बायका सांगतात तेव्हा पुष्कळदा दोष कापडाचा नसतो, त्यावर टाकलेल्या साडीचा असतो.

भाद्रपदात गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. रामकुंडावर बायकांची गर्दी होते. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून ती ऋषीची भाजी. आजी ती अप्रतिम करायची. पाळीच्या दिवसांत कळत-नकळत झालेल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून हे व्रत असतं, हे मला ती गेल्यावर वाचून कळलं. भाजी मी अजून करते.

घड्या घरातून गेल्या कशा, याचं श्रेय सगळे जाहिरातींना देतात. मला वाटतं थोडं श्रेय साडीला द्यावं. नऊवारीची सहावारी झाली आणि पाठोपाठ नायलॉन, पॉलिएस्टर आलं. ती साडी इस्त्रीशिवाय नेसता येते, चटकन वाळते. पण जे कापड चटकन वाळतं ते पाणी धरतच नाही, मग त्याची घडी काय कामाची? मालेगावच्या मागांवरचं सुती लुगडं कपाटातून गेलं, त्याबरोबर घडीचं कापडही गेलं.

प्राचीन इजिप्तमधल्या बायका पपायरसचे टॅम्पॉन करायच्या, ग्रीक बायका काडीला कापूस गुंडाळायच्या, असले दावे मोबाइलवर सर्रास फिरतात. त्यांना भक्कम पुरावा नाही. पुराणातली वांगी पुराणात राहू द्यावीत.

आता लाकडाकडे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात किंबर्ली-क्लार्क ही कागद बनवणारी कंपनी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिने लाकडाच्या लगद्यापासून सेल्युकॉटन नावाचा मऊ पदार्थ तयार केला. कापसाहून स्वस्त, आणि शोषून घ्यायला कापसाहून सरस. युद्धात कापसाचा तुटवडा पडला तेव्हा जखमांवर बांधायला तो आघाडीवरच्या इस्पितळांत गेला. तिथल्या नर्सच्या हातात जखमेसाठीचा तो गठ्ठा होता आणि स्वतःची पाळीही होती. त्यांनी कुणाला न विचारता दोन्हीचं जमवून टाकलं. युद्ध संपल्यावर कंपनीकडे माल पडून राहिला, गिऱ्हाईक उरलं नाही, आणि या नर्सची युक्ती कानावर आली. १९२० साली कोटेक्स नावाचा पॅड बाजारात आला. त्याच मालाचा पातळ थर पुढे तोंड पुसायचा टिश्यू म्हणून क्लिनेक्स या नावाने विकला गेला, पण तो वेगळा विषय.

कोटेक्स हे नाव ‘कापसासारखा पोत’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची जोडाजोड करून केलं आहे. म्हणजे माझ्या आठवीच्या मुलीला आत कापूस वाटतो यात तिची चूक नाही. शंभर वर्षांपूर्वी नाव ठेवणाऱ्यांना तिला तेच वाटायला हवं होतं.

टाकाऊ पॅड त्याआधीही आला होता. जॉन्सन अँड जॉन्सनने १८९० च्या दशकात ‘लिस्टर्स टॉवेल्स’ काढले होते. खपले नाहीत, कारण त्यांचं नाव दुकानात जाऊन मोठ्याने घेणार कोण? कोटेक्सवाल्यांनी नेमकी ही गाठ सोडवली. पुडकी फळीवर उघडी ठेवायची आणि शेजारी पैशांची पेटी. बाईने पैसे टाकायचे, पुडकं उचलायचं, दुकानदाराशी एक शब्द बोलायचा नाही. नाशिकच्या मेन रोडवर मेडिकलमध्ये आजही न मागता वर्तमानपत्र आणि काळी पिशवी मिळते, ती या पेटीची नात. बाकी कुठल्या वस्तूला काळी पिशवी मिळत नाही. त्यामुळे दुकानातून काळी पिशवी घेऊन निघालेल्या बाईने काय घेतलंय ते अख्ख्या रस्त्याला कळतं. असलं लपवणं!

लाकडाचं हेच कोडं पुढे कोईमतूरमध्ये अरुणाचलम मुरुगनाथम यांना पडलं. बायको चिंध्या वापरते हे पाहून त्यांनी १९९८ मध्ये स्वतः कापसाचे पॅड करायला घेतले. ते गळायचे. मोठ्या कंपन्यांचे पॅड गळत नव्हते. आतला पदार्थ कापूस नसून पाइनच्या लाकडातलं सेल्युलोज आहे, हे उमगायला त्यांना दोन वर्षांहून जास्त काळ लागला. कापूस पाणी ओढतो खरा, पण दाब पडला की सोडतोही, आणि पॅडवर तर माणूस बसतो. लाकडाच्या लगद्याचे आखूड तंतू पिंजून भरले की एकमेकांत गुंततात, मध्ये भरपूर पोकळ्या राहतात आणि ओल एका जागी न साचता लांबवर पसरते. लगदा पिंजणारी परदेशी यंत्रं कोट्यवधींची. मुरुगनाथमांनी बचत गटाला झेपेल असं छोटं यंत्र बनवलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शोषायचं जमलं, तरी पॅड जागेवर राहीना. १९७० च्या आसपासपर्यंत पॅडला पुढे-मागे लांब टोकं असायची आणि कमरेला इलॅस्टिकचा पट्टा. टोकं पट्ट्याच्या आकड्यांत किंवा पिनांनी अडकवायची. थोडक्यात आजीची नाडीच, फक्त कारखान्यातली. अमेरिकेतल्या मेरी केनर यांनी मागे-पुढे करता येणारा, पॅड न घसरणारा सुधारित पट्टा बनवला आणि १९५० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं. एका कंपनीने उत्सुकतेने संपर्क साधला, त्या कृष्णवर्णीय आहेत हे कळल्यावर रस संपला. त्यांना या शोधाचे पैसे मिळाले नाहीत. पुढे पॅडच्या पाठीला गोंदाची पट्टी आली आणि पट्टाच निकालात निघाला. ती पट्टी झाकणाऱ्या कागदावर सिलिकॉनचा लेप असतो, म्हणून तो न फाटता निघतो. वर्गात मुलगे या कागदाचीच चौकशी जास्त करतात, का ते मला अजून कळलेलं नाही.

मग पॅड पातळ झाला. माझ्या कॉलेजच्या दिवसांतला पॅड उशीएवढा होता, आता जाड कागदाएवढा. हा बदल सोडियम पॉलिअक्रिलेट नावाच्या पांढऱ्या दाण्यांनी घडवला. बाळांच्या डायपरमध्येही तेच. पॅड कापून झटकला की साखरेसारखे खाली पडतात. हा दाणा म्हणजे एकमेकांत विणलेल्या लांबलचक रेणूंचं जाळं. त्यावर सोडियमचे कण चिकटलेले असतात. पाणी आलं की ते कण सुटे होतात, जाळ्यावरचे ऋण भार एकमेकांना ढकलतात, जाळं पसरतं आणि पाणी आत कोंडलं जातं. नुसतं शुद्ध पाणी असेल तर दाणा स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पितो, आणि दाबलं तरी सोडत नाही, जेल होऊन बसतो.

इथे मी मीठ काढते. चिमूटभर मीठ त्या जेलवर टाकून ढवळायचं. दोन मिनिटांत जेल पातळ होतं, पाणी सुटतं. मिठातल्या सोडियममुळे जाळ्यातले भार एकमेकांना ढकलायचे थांबतात आणि जाळं आक्रसतं. वर्ग एकदम शांत होतो. कारण पुढचा प्रश्न त्यांना स्वतःलाच सुचतो: रक्त खारट असतं ना?

असतं. म्हणून हाच दाणा शरीरातला खारट द्रव शुद्ध पाण्याच्या जेमतेम दशांशच धरतो, आणि रक्त तर त्यात पेशी असल्याने दाटही. टीव्हीवर निळं पाणी ओतून ‘बघा, सगळं शोषलं’ म्हणतात तेव्हा हे ध्यानात ठेवावं. निळं पाणी दाखवायचं मूळ कारण लाज हेच. लाल रंग दिवाणखान्यात नको. पण त्या लाजेचा कंपन्यांना तसा तोटा झालेला नाही.

भारतीय मानक ब्युरोचा यासाठी एक मानक आहे, आयएस ५४०५. त्याच्या १९८० च्या आवृत्तीतली चाचणी मला फार आवडते, कारण तीत काव्य अजिबात नाही. पॅडवर ३० मिलिलिटर रंगीत पाणी किंवा शेळी-मेंढीचं न गोठू दिलेलं रक्त मिनिटाला १५ मिलिलिटर या गतीने सोडायचं, मग एक किलोचं वजन ठेवायचं, आणि खालून किंवा कडेने गळतं का ते पाहायचं. शेळीच्या रक्ताचा पर्याय कोणी किती वापरला असेल कोण जाणे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या डॉक्टरांनी रक्तपेढीतलं, मुदत संपलेलं माणसाचं रक्त घेऊन २१ उत्पादनं तपासली, तेव्हा खऱ्या रक्तावरची चाचणी हीच जगाला बातमी वाटली. वेष्टनावरचे ‘हेवी’, ‘सुपर’ हे शब्द आणि प्रत्यक्षात किती रक्त मावतं, यांचा फारसा मेळ नव्हता. पाळीच्या खास चड्ड्यांमध्ये तर जेमतेम दोन मिलिलिटर मावलं.

टॅम्पॉन आणि कप यांच्याबद्दल थोडक्यातच सांगते, आपल्याकडे ते कमी. डेन्व्हरमधले डॉक्टर अर्ल हास यांनी टॅम्पॉनचं पेटंट १९३३ मध्ये मिळवलं, गर्ट्रूड टेंड्रिच या बाईंनी ते विकत घेऊन टॅम्पॅक्स उभी केली. १९८० मध्ये अमेरिकेत रिलाय नावाचा फार जास्त शोषणारा टॅम्पॉन बाजारातून काढावा लागला. टॅम्पॉन तासन्‌तास आत राहिला की त्यात स्टॅफिलोकॉकस जिवाणूंना फावतं, त्यांचं विष रक्तात जातं. बायका दगावल्या होत्या. जास्त शोषणारं ते जास्त चांगलं, हा हिशेब तिथे चुकला. रबरी कपचं पेटंट लिओना चाल्मर्स या नटीने १९३७ मध्ये घेतलं, पण दुसऱ्या महायुद्धात रबर मिळेना आणि कप बसला. सिलिकॉनचा होऊन तो खऱ्या अर्थाने आला २००० नंतर. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये पाच हजार कप फुकट वाटले. तो धुऊन पुन्हा वापरायचा, म्हणजे पाणी हवं, कडी लागणारा संडास हवा. आमच्या शाळेत कडी आहे, पाण्याचं दुपारनंतर सांगता येत नाही.

पैशांचंही बोलायला हवं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पॅडवर १२ टक्के होता आणि कुंकू-बांगड्या करमुक्त. वर्षभर आरडाओरड झाल्यावर जुलै २०१८ मध्ये तो शून्य झाला. किमती मात्र तेवढ्या उतरल्या नाहीत, कारण माल करमुक्त झाला की कच्च्या मालावर भरलेला कर कंपनीला वळता करून मिळत नाही. त्याच वर्षी ८ मार्चला राज्यात अस्मिता योजना आली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड, विक्री बचत गटांमार्फत. जनऔषधी दुकानात २०१९ पासून एक पॅड एक रुपयाला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या १०० मुलींमागे ६४ पॅड वापरणाऱ्या होत्या आणि ५० कापड. बेरीज शंभरावर जाते कारण पुष्कळजणी दोन्ही वापरतात: बाहेर पडताना पॅड, घरात कापड. हे मला आमच्या वर्गातही दिसतं. पॅड कॉलनीत आला म्हणून घडी हद्दपार झाली, असं नाही.

आणि पॅड असला म्हणजे झालं असंही नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत सुरगाणा-पेठकडून मजुरीला येणाऱ्या बायका छाटणीपासून खुड्यापर्यंत दिवसभर उभ्या असतात. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा असतो. बागेत आडोसा असतो तो वेलींचाच, आणि वेली मांडवावर, खाली सगळं उघडं.

तिन्ही अपेक्षा पुऱ्या झाल्या. शोषतो, हलत नाही, दिसत नाही. चौथी अपेक्षा कोणी ठेवलीच नव्हती: वापरून झाल्यावर त्याने जावं कुठे? आजीची घडी विरली की चुलीत किंवा मातीत जायची. पॅडचा वरचा थर पॉलिप्रॉपिलीनचा, खालचा पॉलिथिनचा, मध्ये ते दाणे. लगदा कुजतो, बाकीचं कुजत नाही. शाळेत त्यासाठी जाळायचं यंत्र बसवतात, पण उष्णता कमी पडली की नुसता धूर. संडासात टाकला तर दाणे फुगून पाइप तुंबवतात. नाशिकला घंटागाडीचा अभिमान आहे, मलाही आहे. पण तिच्यावरचा माणूस पिशवी उघडून हाताने वेगळं करतो आणि उरलेलं पाथर्डीच्या खतप्रकल्पावर जातं, तिथेही पुन्हा हातच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं होतं की आपण ते गुंडाळून द्यायचं आणि कंपनीने त्यासाठी वेष्टन द्यायचं. पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने साधा उपाय काढला: पुडीवर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ती उघडणार नाही.

परवा तास संपला तेव्हा टेबलावर कापलेला पॅड, मिठाने पातळ झालेलं जेल आणि सिलिकॉनचा कागद पडला होता. जेल बेसिनमध्ये ओतू का, असं एकाने विचारल्यावर चार मुली एकदम ओरडल्या. मग शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने वहीचं मधलं पान फाडून सगळं त्यात गुंडाळलं, मैत्रिणीकडून लाल स्केचपेन मागितलं आणि सुपारीएवढा ठिपका काढला. ठिपका फार मोठा झाला म्हणून मुली हसत होत्या. घंटागाडी सकाळी येऊन गेली होती, त्यामुळे पुडी रात्रभर माझ्या टेबलाखालच्या डब्यातच राहिली.